विसरलेली सूतकताई कोणी शिकवली?

दर तीन वर्षांनी, उपासनेच्या ‘अ’ वर्षात, सामान्य काळातील तेहतिसाव्या रविवारी नीतिसूत्रे या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायातील वेचे आपल्या चर्चमध्ये वाचले जातात. कर्तबगार गृहिणीचे ते वर्णन आपल्या परिचयाचे आहे. लोकर आणि ताग मिळवणारी, चातीला हात घालणारी आणि त्याच हातांनी दीनांना साहाय्य करणारी ती स्त्री. वाचन ऐकताना आपले लक्ष बहुधा तिच्या दातृत्वाकडे जाते, चातीकडे जात नाही. जाणार तरी कसे? बाकांवर बसलेल्यांपैकी किती जणांनी चाती डोळ्यांनी पाहिली असेल? जी वस्तू हजारो वर्षे घरोघरी होती, तिचे नाव आज वाचकाच्या तोंडी अडखळते.

ख्रिस्ती परंपरेत मात्र सूतकताई ठायी ठायी आढळते. दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ हा ग्रंथ बायबलमध्ये समाविष्ट नाही. तरीही त्यातील एक प्रसंग चित्रकारांनी शतकानुशतके जपला. मंदिराच्या पडद्यासाठी जांभळे आणि किरमिजी सूत कातण्याचे काम पवित्र मरियेच्या वाट्याला आले होते आणि ती सूत कातीत बसली असता देवदूताने तिला संदेश दिला, असे त्या ग्रंथात सांगितले आहे. म्हणून पूर्वेकडील ख्रिस्तमंडळांच्या अनेक प्रतिमांत संदेशाच्या वेळी मरियेच्या हाती सूत आणि चाती दिसते. फ्रान्समधील पिब्राक गावची संत जर्मेन ही मेंढ्या राखता राखता लोकर कातणारी पोरकी मुलगी होती. मिस्सेला जाताना ती आपली कातण्याची काठी जमिनीत रोवून मेंढ्या तिच्या हवाली करून जाई, अशी तिची कथा आहे. आणि संत जोन ऑफ आर्क? इ. स. १४३१ मध्ये रुआँ येथील न्यायासनासमोर तिला, लहानपणी काही कसब शिकलीस काय, असे विचारण्यात आले. आईने मला शिवणे आणि कातणे शिकवले आणि या कामात रुआँमधील कोणत्याही स्त्रीला मी हार जाणार नाही, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. सैन्यापुढे चाललेल्या त्या मुलीला प्राणसंकटातही आपल्या हातच्या सुताचा अभिमान होता!

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. कातणे हे कोणी शाळेत शिकत नसे. आईच्या शेजारी बसून मुलगी ते शिके. पुस्तक नाही, पाठ नाही, परीक्षा नाही. अशी विद्या टिकते तेव्हा हजारो वर्षे टिकते आणि जाते तेव्हा एका पिढीत जाते. आपल्या देशात नेमके हेच घडले. नंतर ती विद्या परत कशी मिळवावी लागली, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

कातणे म्हणजे नेमके काय, हे आधी थोडक्यात पाहू. बोंडातून काढलेल्या कापसातील सरकी वेगळी करावयाची, म्हणजे कापूस लोढावयाचा. मग तो पिंजावयाचा. पिंजारी तातेच्या कंपनाने कापसाचा तंतू न् तंतू मोकळा करतो. पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी जाड, पोकळ व मऊ गुंडाळी केली की तिला पेळू म्हणतात. हा पेळू डाव्या हातात धरावयाचा, उजव्या हाताने चरख्याचे चाक फिरवावयाचे. चाकावरून गेलेली माळ चातीला गरगर फिरवते, चातीच्या टोकाशी पीळ पडतो आणि डावा हात मागे मागे जाईल तसतसा पेळूतून धागा निघत राहतो. हात पुरेसा लांब गेला की चाक किंचित उलटे फिरवून धागा टोकावरून सोडवून घ्यावयाचा आणि चातीवर गुंडाळावयाचा. सांगावयास चार वाक्ये लागली. करावयास बसले की एक हात पुढे धावतो, दुसरा मागे राहतो. पीळ अधिक पडला तर धागा गाठाळतो, कमी पडला तर तुटतो. सारी विद्या दोन हातांच्या परस्परांशी जुळण्यात आहे आणि ती शब्दांत सांगता येत नाही. शिकवणाऱ्याने जवळ बसून शिकणाऱ्याचा हात धरावा लागतो.

टकळी यापेक्षा साधी आणि कितीतरी जुनी. एक बारीक सळई, तिला खाली एक जड चकती. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथे ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. त्या मण्यांत अडकून राहिलेल्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम यांचे तंतू आढळले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात कोणीतरी कातलेला तो दोरा आहे. चरख्याचे चाक त्या मानाने बरेच अलीकडचे. भारतातील चरख्याचा स्पष्ट उल्लेख इ. स. १३५० च्या सुमारास इसामीने लिहिलेल्या फारसी काव्यात येतो, असे इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिले आहे. तो उल्लेखही मासलेवाईक आहे. रझिया सुलतानेने राज्य केले याचा राग धरून, बाईने चरख्यापाशी बसावे, असा उपदेश तेथे केलेला आढळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील गिरण्यांचे सूत आपल्या बाजारात आले. कापडापेक्षाही या सुताने सूत कातणाऱ्यांचा घात केला, कारण विणकर निदान गिरणीचे सूत घेऊन माग चालवू शकत होता. कातणारीला असा कोणताच आधार उरला नाही. सेरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनरींनी सुरू केलेल्या ‘समाचार दर्पण’ या बंगाली वृत्तपत्रात १८२८ साली शांतिपूरच्या एका विधवेचे पत्र छापून आले. पदरी तीन मुली असताना पती वारला. टकळी आणि चरखा यांवर तिने घर चालवले, मुलींची लग्ने केली. विणकर तिच्या दारी येऊन सूत घेऊन जात. पुढे विलायती सूत स्वस्त मिळू लागले आणि तिच्या सुताला गिऱ्हाईक उरेनासे झाले. पत्राखाली नाव नव्हते. ‘एक दुःखी सूत कातणारी’, एवढीच तिची ओळख उरली आहे. अर्थकारणावरील जाडजूड ग्रंथांत जे सापडत नाही ते या एका पत्रात सापडते. तिच्या मुलींनी आपल्या मुलींना कातणे शिकवले असेल काय? जे विकले जात नाही ते कोण कशासाठी शिकवील?

असे होत होत विसाव्या शतकाचा आरंभ आला तेव्हा सुशिक्षित भारतीयांपैकी बहुतेकांनी चरखा पाहिलेला नव्हता. खुद्द गांधीजींनीही नाही. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी हाताच्या उद्योगाचा पुरस्कार केला, परंतु तोवर आपण चरखा अथवा हातमाग पाहिल्याचे आठवत नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे नमूद केले आहे. १९१५ मध्ये ते मायदेशी परतले. आश्रमात हातमाग आले, विणकर शिकवायला आले, मगनलाल गांधींनी विणकाम आत्मसात केले. सूत मात्र गिरणीचेच होते. हाताने कातणारे माणूस शोधूनही सापडेना.

१९१७ मध्ये भडोचच्या शिक्षण परिषदेत गंगाबेन मजमुदार यांची त्यांच्याशी भेट झाली. या विधवा बाईंचे शिक्षण बेताचे. परंतु धैर्य असामान्य. घोड्यावर बसून एकट्या फिरणाऱ्या, अस्पृश्यता मनातून व आचरणातून पार काढून टाकलेल्या. चरखा शोधून काढण्याचे वचन त्यांनी दिले आणि गुजरातभर भटकून बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो शोधला. तेथे पुष्कळ घरांत माळ्यावर चरखे पडलेले होते. अडगळ म्हणून टाकलेले. आम्हाला कोणी नियमाने पेळू देईल आणि आमचे सूत विकत घेईल तर आम्ही पुन्हा कातू, असे त्या घरच्या लोकांनी सांगितले. चरखे नष्ट झाले नव्हते आणि विद्याही अजून पुरती गेली नव्हती. पेळू देणारा व सूत घेणारा तेवढा राहिला नव्हता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पेळूंचीही अडचण होतीच. मुंबईचे उमर सोभानी यांनी प्रथम आपल्या गिरणीतून पेळू पाठवले. हाताचे सूत आणि पेळू गिरणीचे, हे गांधीजींना रुचेना. पूर्वीच्या कातणाऱ्यांना गिरणीचे पेळू कोठे मिळत होते? गंगाबेननी एक पिंजारी गाठला. त्याने महिन्याला ३५ रुपये मागितले. तेव्हा कोणतीही किंमत जास्त वाटत नव्हती, असे गांधीजी सांगतात. पिंजाऱ्याला नेमले गेले, त्याच्यासाठी कापूस मुंबईत मागून आणला गेला आणि काही मुलांना पेळू करण्याचे शिक्षण मिळाले.

याच सुमारास गांधीजी मुंबईत आजारी होते. गावदेवीच्या लॅबर्नम मार्गावरील मणिभवन हे रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईतील त्यांचे वास्तव्य तेथेच असे. रस्त्याने जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून त्यांनी पिंजण्याचे पहिले धडे तेथे घेतले, असे त्या वास्तूच्या इतिहासात सांगतात. अंथरुणावर असतानाही त्यांचा शोध चालूच होता आणि अखेर मुंबईतच दोन सूत कातणाऱ्या मिळाल्या. त्या शेराला एक रुपया घेत. हा मुंबईचा शेर, २८ तोळ्यांचा. पुढे विजापूरच्या दराशी ताडून पाहिल्यावर आपण फसवले जात आहोत, असे गांधीजींना वाटले. दर कमी करण्यास त्या दोघी तयार होईनात. तेव्हा त्यांचे काम थांबवण्यात आले. दरम्यान त्यांनी चौघींना कातणे शिकवले होते. अवंतिकाबाई गोखले, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकरांच्या विधवा मातोश्री आणि वसुमतीबेन या त्या चौघी.

शिकणाऱ्या चौघी कोण ते आपल्याला माहीत आहे. शिकवणाऱ्या दोघींची नावे आत्मचरित्रात नाहीत.

या ठिकाणी थोडा हिशेब मांडून पाहण्याचा मोह आवरत नाही. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी भरतात ती संख्या. त्या दोघींचे सूत जाडेभरडे, दहा नंबरचे धरू. २८ तोळे म्हणजे पाऊण पौंडाच्या किंचित आत. म्हणजे सुमारे सहा हजार वार धागा. सरावलेला हात तासाला चारशे वार कातील असे मानले तरी त्याला पंधरा तास लागतात. कापसाचा खर्च बाजूला ठेवू. पंधरा तासांचा एक रुपया, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला साधारण आठ आणे. महिन्याचे सव्वीस दिवस अखंड कातले तर चौदा रुपये. पिंजाऱ्याला ३५ दिले गेले. सूत याहून बारीक असेल तर या बायकांची मिळकत आणखी कमी ठरते. मुंबईसारख्या शहरात आठ आण्यांवर अडून बसणाऱ्या त्या स्त्रिया लबाड होत्या असे मला म्हणवत नाही. विजापूरचा दर कमी होता, हे खरे. पण विजापूर हे खेडे होते आणि तेथील स्त्रियांना ते काम घरच्या कामातून उरलेल्या वेळात करावयाचे होते. त्या दोघी अडून बसल्या, यात मला तरी त्यांचे कारागीरपणच दिसते.

गांधीजींचे मोठेपण असे की हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आणि खादीच्या अर्थकारणाची आपल्याला तेव्हा जाण नव्हती, हेही त्याच ओघात सांगून टाकले. पुढे १९३५ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाच्या सूत कातणाऱ्यांना पोट भरेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांनी सुचवलेला आकडा होता आठ तासांच्या कामाला आठ आणे! संघाला एकदम एवढे झेपले नाही. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, ही भीती होतीच. परंतु दर वाढवण्याचे तत्त्व मान्य झाले. मुंबईच्या त्या दोघींचा भाव सोळा-सतरा वर्षांनी असा न्याय्य ठरला, असे कोणी म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

चौघी विद्यार्थिनींपैकी अवंतिकाबाई मराठी वाचकांना अनोळखी नसाव्यात. चंपारण्यात खेड्यातील मुलांना शिकवायला गेलेल्या, १९१८ साली मुंबईत हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या आणि त्याच वर्षी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या. त्या चरित्राला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती. स्वतः कातलेल्या सुताची धोतरे त्या गांधीजींना त्यांच्या वाढदिवशी भेट देत असत. एका अनाम कारागिरिणीने हात धरून दिलेले शिक्षण इतके दूरवर गेले.

यानंतरची वाटचाल वेगाची आहे. १९२१ मध्ये बेझवाडा येथे काँग्रेस समितीने वीस लाख चरखे चालू करण्याचा संकल्प सोडला. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात सभासदत्वासाठी पैशाऐवजी महिन्याला २,००० वार सूत द्यावे असे ठरले. वकील, प्राध्यापक, जमीनदार कातू लागले. म्हणजे कातण्याचा प्रयत्न करू लागले. विणकरांनी मात्र कपाळाला हात लावला असावा, कारण असमान आणि कमी पिळाचे सूत मागावर पदोपदी तुटते. सुताच्या वर्गणीची ही सक्ती वर्षभरातच सैल करावी लागली आणि १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला चरखा संघ स्थापन झाला. मोजमाप ठरले, सुताची ताकद व समानता तपासली जाऊ लागली. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. हे कोष्टक एके काळी खादीच्या शाळांतील मुलांना पाढ्यांसारखे पाठ असे.

शिकणाऱ्यांत परदेशी माणसेही होती. ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची कन्या मॅडलिन स्लेड भारतात येण्यापूर्वी वर्षभर तयारी करीत होती. मांडी घालून बसणे, उर्दू आणि लोकर कातणे हे तिचे अभ्यासविषय. आपण कातलेल्या लोकरीचे नमुने तिने गांधीजींना पाठवले होते. १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीस आली आणि मीराबेन झाली. कापूस तिला तेथे नव्याने शिकावा लागला. लोकरीचा लांब तंतू आणि कापसाचा आखूड तंतू यांची तऱ्हा अगदी वेगळी.

आणखी एका शिष्याचा उल्लेख केल्याविना राहवत नाही. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गेले, तेव्हा झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर बसून एक वृद्ध गृहस्थ चरखा चालवीत होते. कुमारप्पांनी त्यापूर्वी चरखा पाहिलेला नव्हता. काठीवर रेलून ते पाच मिनिटे नुसते बघत उभे राहिले. अखेर त्या गृहस्थांनीच, आपण कुमारप्पा काय, असे विचारले, तेव्हा समोर कोण आहे हे त्यांना उमगले! पुढे हेच कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार झाले. प्रभू येशूच्या शिकवणीवरही त्यांनी लिहिले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात पेटीत मावणारा चरखा आकारास आला. दोन लहान चाके, झाकण लावले की प्रवासात हाती धरून नेता येईल असा. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर टकळी नव्या शिक्षणाबरोबर शाळेत गेली. मुलाच्या हाती चरखा देणे खर्चाचे, टकळी सर्वांना परवडणारी. आपल्या वाचकांतील सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या काहींना शाळेतला सूतकताईचा तास आठवत असेल, आणि मांडीवर टकळी फिरवताना लागलेला चटकाही.

हौसेने कातणे शिकणारे पुन्हा दिसू लागले आहेत. त्यांत शहरी तरुण आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. विणकाम, भरतकाम यांच्या जोडीने टकळीचे वर्ग भरतात. हा छंद श्रीमंतांचा, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. विद्या हातांत राहणे महत्त्वाचे, मग ते हात कोणाचेही असोत. धर्मग्रामातील महिला मंडळाची किंवा युवकांची वार्षिक सहल ठरवताना याचा विचार अवश्य व्हावा. वसई-मुंबईच्या मंडळींना मणिभवन हाकेच्या अंतरावर आहे. गांधीजींची खोली, तेथील गादी आणि चरखे पाहता येतात. दोन दिवस हाताशी असतील तर वर्धा गाठावे. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय तेथे आहे. मगनलाल गांधींचे नाव त्याला दिलेले आहे आणि चरख्यांचे नाना प्रकार एकाच छताखाली पाहावयास मिळतात. तेथून सेवाग्राम जवळच. जाताना मुलांना सोबत न्यावे आणि त्यांच्या हाती टकळी द्यावी. काचेआडचा चरखा पाहून त्यांना काही कळत नाही. टकळीवर पहिल्या तासाभरात बहुधा गाठाळ दोरीच निघते. पेळू चांगला पिंजलेला नसेल तर तीही निघत नाही. तेव्हा पेळू विश्वासू ठिकाणाहून घ्यावा.

नांदेडचाही उल्लेख करावयास हवा. राष्ट्रध्वजाची खादी तयार करणाऱ्या देशातील मोजक्या केंद्रांपैकी एक तेथे आहे. ध्वज हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडाचाच असावा, असा दंडक वर्षानुवर्षे होता. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली. घरोघरी ध्वज पोहोचावा, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला आणि तो वावगा म्हणता येणार नाही. खादी केंद्रांतील कातणाऱ्या-विणणाऱ्यांनी मात्र आपल्या कामाचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा जाहीरपणे विचारला. आमचे सूत घेणार कोण, हे विजापूरच्या लोकांनी गंगाबेनना विचारले होते. शांतिपूरच्या विधवेच्या पत्रातही तेच होते.